नसलेल्या फुफ्फुसासकट

अर्ध्या दिवसाची रजा फुकट मिळतेय म्हटल्यावर पगारदार माणूस कुठेही जायला तयार होतो, आणि भोंगेराव तर पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणारे. त्यांच्यासमोर सकाळपासून येणारी माणसं 'नळाला पाणी नाही' आणि 'घरात पाणीच पाणी' या दोनच गोष्टी सांगत, पण ओरडून. त्यामुळे कार्यालयाने कर्मचाऱ्यांची मोफत तपासणी ठेवली आणि जाणाऱ्याला अर्धा दिवस सुट्टी जाहीर केली, तेव्हा रांगेत पहिले भोंगेराव. प्रकृतीची त्यांना मुळीच काळजी नव्हती. तपासणी उरकून घरी जायचं आणि बाथरूमची निखळलेली कडी बसवायची, एवढाच त्यांचा बेत होता. ती कडी अजून बसलेली नाही.

एक्स-रे काढणाऱ्याने पहिला एक्स-रे काढला, बघितला आणि म्हणाला, "हलू नका हो." भोंगेराव हलले नव्हते. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "खिशात काही आहे का?" भोंगेरावांच्या अंगात शर्टच नव्हता, तर खिसा कुठून येणार? तिसऱ्यांदा त्याने यंत्राला दोन थपडा मारल्या, मागच्या माणसाला पुढे उभं केलं, त्याचा एक्स-रे स्वच्छ आला, आणि मग तो भोंगेरावांकडे असा काही बघायला लागला, जणू यांनीच काहीतरी लपवून ठेवलंय.

मोठ्या दवाखान्यात आणखी मोठ्या यंत्रात घातल्यावर उलगडा झाला. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेन्सिल टेकवली. "तुम्हाला डावं फुफ्फुस नाही."

"नाही म्हणजे? खराब झालंय?"

"नाही म्हणजे नाहीच. जन्मापासून नाही. फार क्वचित होतं असं. उजवं वाढून डावीकडे पसरलंय, हृदयही जरा सरकून बसलंय. तुम्हाला कधी दम लागला नाही?"

भोंगेरावांनी विचार केला. दम त्यांना एकदाच लागला होता, लग्नात फोटो काढताना, आणि तो सगळ्यांनाच लागतो. शेजारची खोली रिकामी दिसल्यावर माणूस आधी तिथे चपला ठेवतो, मग खुर्ची टाकतो आणि शेवटी भिंतच पाडतो, तसं त्यांच्या उजव्या फुफ्फुसाने केलं होतं. एवढी वर्षं डाव्याची जागा रिकामी होती आणि कोणी दखल घेतली नव्हती. कार्यालयात असा प्रकार काही नवीन नव्हता, पण आपल्या स्वतःच्या छातीत तो चालला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मी कॉर्नेट वाजवतो, ते फुंकायचं पितळी वाद्य," भोंगेराव घाबरत म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "या फुफ्फुसावर?" मग त्यांनी एका नळीत फुंकायला लावलं, जिन्यावरून चढायला-उतरायला लावलं, बोटाला चिमटा लावला आणि हसल्या. "वाजवा की. सर्दी-खोकला अंगावर काढू नका, एवढं पाळा. बाकी तुमचं हे एक फुफ्फुस दोघांचं काम करतंय."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भोंगेरावांनी ती घरी सांगितली.

आईने आधी हा स्वतःचा अपमानच मानला. "म्हणजे? मी अर्धवट मूल जन्माला घातलं? अरे, मी काही राखून ठेवलं नाही हो! तू भोकाड पसरलंस की तीन घरं गोळा व्हायची. एका फुफ्फुसावर होतं का तसलं रडणं? त्या बाईंना म्हणावं, नीट बघा, कुठेतरी मागे असेल." तिचा संशय यंत्रावर होता. खालच्या मजल्यावरच्या काकांचा संशय मात्र माणसांवर होता. भोंगेरावांचं लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, हे ऐकताच काकांनी डोळे बारीक केले. "भूल दिली होती ना? मग झालं तर. त्यांनी वरपर्यंत हात घातला असणार. हल्ली काय वाटेल ते चोरतात." ऑपरेशन हल्ली झालेलं नाही, असं भोंगेरावांनी सांगून पाहिलं. काकांनी ते मनावर घेतलं नाही.

मग सल्ल्यांचा लोंढा सुरू झाला. कोणी म्हणालं फुगे फुगवा, कोणी म्हणालं फुगे बघूसुद्धा नका. कोणी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, म्हणजे रिकाम्या जागेवर भार येऊन ती भरेल. समोरच्या वहिनी तर जिन्यात भेटल्या की स्वतःच श्वास रोखून उभ्या राहत. जिन्यात हवा मोजकी, त्यातली आपण उगाच का घ्यायची, असा त्यांचा हिशेब असावा.

हे सगळं एकवेळ परवडलं. पण बायकोने पिशवी काढून घेतली, ते भोंगेरावांच्या जिव्हारी लागलं.

लग्न झाल्यापासून बाजाराची पिशवी भोंगेरावांकडे असे. भाव बायको करी, निवड बायको करी, पैसे बायको देई. त्या सगळ्या व्यवहारात पुरुषमाणसाला मान म्हणून जी एक गोष्ट उरते, ती म्हणजे पिशवी. ती आता बायकोने स्वतःच्या खांद्याला अडकवली. "राहू द्या हो. तुम्ही नुसते चला. आणि बोलू नका चालताना." रस्त्याने ओळखीचे लोक बघत होते. भोंगेराव दोन्ही हात रिकामे घेऊन तिच्या मागून चालले होते, आणि रिकाम्या हातांचं नेमकं करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं. कॉर्नेट तर तिने आधीच कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं त्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. "त्यांचं काय जातं?" ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. तिला खरंच भीती वाटत होती, आणि खऱ्या भीतीपुढे वाद घालता येत नाही.

आता कॉर्नेट एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं. पाणीपुरवठा कार्यालयाला स्वतःचा एक छोटा बँड होता. मीटर विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी तो उभा केला होता. उद्घाटनं वगैरे प्रसंगी तो वाजे, पण त्याचं खरं काम एकच होतं. कार्यालयातला माणूस निवृत्त झाला, की शेवटच्या दिवशी तो पायऱ्या उतरून आवारातून फाटकापर्यंत चालत जाई. त्याचा पाय शेवटच्या पायरीवरून निघाला की कॉर्नेटवर एक सूर लागे, आणि तो फाटकाबाहेर पडला की सुटे. सूर चालू आहे तोवर माणूस नोकरीत. सुटला की निवृत्त. आदेशबिदेश नंतर पोस्टाने येत, पण त्यांना कोणी विचारत नसे.

हा सूर मधे तुटून चालत नसे. फार पूर्वी आधीच्या वादकाला ऐन वेळी ठसका लागला आणि स्टोअरकीपर आवाराच्या मधोमध असताना सूर तुटला. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर नेहमीच्या वेळेला हजर. "माझं अजून झालेलं नाही," म्हणाले. महिनोन्‌महिने ते येऊन बाकावर बसत, चहा पीत आणि नव्या स्टोअरकीपरच्या चुका काढत. शेवटी मास्तरांनी तक्रार खिडकीवरच्या पोरगेल्या कारकुनाच्या हातात कॉर्नेट दिलं, त्याच्याकडून तो एक सूर घोटून घेतला, आणि स्टोअरकीपरांना पुन्हा नव्याने चालवलं. भोंगेराव हे नाव पडलं ते त्या दिवशी.

"फुंकू नकोस," मास्तर तेव्हा सांगत. "फुंकायला काय, लोहाराचा भाताही फुंकतो. हवा जपून सोडायची. पगार पुरवतोस ना महिनाभर? तशी." भोंगेरावांना ते इतकं चटकन जमलं, की मास्तरांनाच नवल वाटलं. आता त्याचं कारण कळलं होतं. ज्यांनी जन्मापासून अर्ध्याच मिळकतीत भागवलं, त्यांना काटकसर वेगळी काय शिकवायची? आणि त्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "माझ्या वेळी तूच वाजवायचं. पण आधीच सांगून ठेवतो, मी घाई करणार नाही. सावकाश जाईन. आवार डोळे भरून बघत जाईन."

मास्तरांची निवृत्ती आता तोंडावर आली होती.

कार्यालयात बातमी पोचायला वेळ लागला नाही. भोंगेरावांना 'सिंगल' असं नवं नाव मिळालं आणि प्रशासन अधिकाऱ्यांनी त्यांना आत बोलावलं. हे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना फक्त एकाच प्रश्नाची भीती होती: जबाबदारी कोणाची? तो कोणी विचारण्याआधीच ते उत्तर तयार करून ठेवत, आणि उत्तर नेहमी 'माझी नाही' असंच असे.

"तुम्ही वाजवता वाजवता पडलात तर?"

"नाही पडणार. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

अधिकाऱ्यांनी चिठ्ठी वाचली. "'एक फुफ्फुस जन्मतः नाही. प्रकृती उत्तम.' या दोन गोष्टी एका कागदावर कशा? उत्तम असेल तर दोन पाहिजेत. एक असेल तर उत्तम नाही. यातलं एक काहीतरी ठरवून आणा."

भोंगेराव डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, दोन्ही खरं आहे. ते परत आले. अधिकारी म्हणाले, मग अपंगत्वाचा दाखला आणा, म्हणजे आम्हाला तुम्हाला हलकं काम देता येईल. दाखल्याच्या खिडकीवरच्या माणसाने भोंगेरावांना जिना चढून वर आलेलं पाहिलं, त्यांच्या मागे धापा टाकत आलेल्या खालच्या काकांनाही पाहिलं, आणि दाखला काकांना देऊ केला. काका मदतीला म्हणून सोबत आले होते. तिथून परत येताना ते कोणाशीच बोलले नाहीत.

"मग जाऊ द्या," अधिकारी म्हणाले. "हल्ली सगळं रेकॉर्ड केलेलं मिळतं. कर्णा लावू, बटण दाबू, हवा तेवढा सूर."

भोंगेराव स्वभावाने गरीब. तक्रार खिडकीवर बसून लोकांचं ऐकून घ्यायची त्यांना इतकी सवय होती, की आपलीही काही तक्रार असू शकते हे ते विसरून गेले होते. पण कर्ण्याचं नाव निघालं आणि त्यांच्या आत काहीतरी उसळलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि न विचारता बसले.

"साहेब, मी नोकरीला लागलो तेव्हा तुमच्याच डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारून फिट म्हटलं. फुफ्फुस तेव्हाही नव्हतं. कार्यालयाने मला घेतलंय ते नसलेल्या फुफ्फुसासकट."

"अहो, पण तेव्हा माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं. म्हणजे तुमच्या मते वाजवायला मी तेव्हापासून अपात्र. बरोबर? मग माझ्या सुरावर जेवढे निवृत्त झाले, त्यांचं काय? अपात्र माणसाने वाजवलेला सूर. एकाचीही निवृत्ती धरता येणार नाही. सगळ्यांना कळवतो मी. स्टोअरकीपर तर उद्या सकाळीच येतील, ते वाटच बघतायत."

अधिकाऱ्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला.

"तुमच्या आधीच्या साहेबांनाही मीच घालवलंय," भोंगेराव म्हणाले. "ते आले तर बसणार कुठे? खुर्ची तर एकच आहे."

अधिकाऱ्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरलं. ही चाल मुळात सगळी हास्यास्पद होती, हे बाहेरच्या कोणालाही समजलं असतं. पण खोलीत बसलेले दोघेही त्याच कार्यालयात मुरलेले होते, आणि दोघांनाही स्टोअरकीपर बाकावर बसलेले स्पष्ट दिसत होते. "वाजवा," अधिकारी शेवटी म्हणाले. "पण मी तुम्हाला परवानगी दिलेली नाही. मी फक्त त्या वेळी दुसरीकडे बघत असेन."

भोंगेराव विजयी होऊन घरी आले, तर दिवाणखान्यात मास्तर बसलेले. बायकोने चहा दिला होता, तो निवून गेला होता.

"बाळ," मास्तर म्हणाले, "तू नको वाजवूस."

भोंगेराव चपला न काढताच समोर बसले.

"माझ्या चार पावलांसाठी तुला काही झालं, तर मी उरलेलं आयुष्य कसं काढू? मला आधी कळलं असतं, तर मी तुझ्या हातात ते दिलंच नसतं."

आईचे टोमणे, काकांचे संशय, 'सिंगल' हे नाव, सगळं भोंगेरावांनी सहन केलं होतं. हे मात्र सहन झालं नाही. सगळ्या जगात ज्या एका माणसाने त्यांना 'तुला जमेल' म्हटलं होतं, तोच आता 'जमत होतं ते चुकून' असं म्हणत होता. "मास्तर," ते कसंबसं म्हणाले, "तुमच्यासाठी नाही वाजवत मी. माझ्यासाठी वाजवतोय." मास्तर लगेच "बरं" म्हणून उठले. इतक्या चटकन ते कधी कशालाच बरं म्हणत नसत, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तर गेल्यावर भोंगेराव तिथेच बसून राहिले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बायकोने कॉर्नेट आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते पुसून लख्ख केलेलं होतं.

"आज नाही पुसलं," ती म्हणाली. "रोजच पुसत होते. पण मी येणार. पहिल्या रांगेत बसणार."

निवृत्तीच्या दिवशी ती खरोखरच पहिल्या रांगेत होती. थर्मास, वाफेचं यंत्र, दोन टॉवेल, कसल्या कसल्या बाटल्या आणि सासूबाईंसाठी उशी असं सगळं भरलेली ती पिशवी तिच्या पायाशी. शेजारी सासूबाई, पलीकडे खालचे काका. भाषणं झाली. मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, कारण वेळ पाळायची गरज संपलेल्या माणसाला घड्याळच द्यायचं असतं. मास्तरांनी कोट घातला होता, टाय लावला होता आणि पायांत पांढरे पळायचे बूट होते. गुडघे दुखत असतील, असं सगळ्यांना वाटलं.

भोंगेराव बाजूला उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती. आजवर त्यांनी या सुराचा कधी विचारच केला नव्हता. आज छातीतला तो रिकामा कोपरा त्यांना पहिल्यांदा जाणवत होता. त्यांनी श्वास घेतला, ओठ टेकवले, आणि मास्तरांचा पाय पायरीवरून निघाला तसा सूर लावला.

मास्तर पळाले.

कोट उडवत, घड्याळ काखेत मारून, आयुष्यभर सावकाश चालणारा तो माणूस आवारातून सुसाट निघाला. पाइपांच्या ढिगाला वळसा, जुन्या पंपाकडे ढुंकूनही न बघता सरळ फाटकाकडे. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कोणाला काही कळायच्या आत मास्तर फाटकाबाहेर जाऊन वाकून उभे होते, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याने 'झालं, झालं, थांब' अशी खूण करत.

भोंगेरावांना सगळं समजलं. शिष्याला जास्त वाजवायला लागू नये म्हणून मास्तर धावले होते. दया केली होती त्यांनी. भोंगेरावांचे कान लाल झाले, आणि त्यांनी सूर सोडला नाही.

सूर चालू राहिला, एकसारखा, न हलता. आवारात चुळबुळ सुरू झाली. मास्तर बाहेर, पण सूर आत. म्हणजे मास्तर अजून नोकरीत. दुसरीकडे बघत बसायचं ठरवलेल्या प्रशासन अधिकाऱ्यांनाही राहवलं नाही. "अहो, ते नोकरीत आहेत आणि कामाच्या वेळेत आवाराबाहेर! विनापरवाना!" ते ओरडले. "आत घ्या त्यांना!" समारंभाला आलेले स्टोअरकीपर बाकावरून समाधानाने मान हलवत होते, असं काहीतरी होणार हे त्यांना माहीत असल्यासारखं.

पण मास्तर हलले ते दुसऱ्या एका आवाजाने. पहिल्या रांगेत भोंगेरावांची बायको उभी राहिली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं होतं, नीट, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच न घाबरता, आणि तिला दिसलं होतं की हा माणूस पडणार नाही, थांबणारही नाही.

"मास्तर!" ती कडाडली. "माघारी फिरा! सूर चालू आहे अजून! सावकाश जाणार होता ना? मग जा सावकाश!"

मास्तरांनी मान वर केली. मग ते फाटकातून आत आले, जुन्या पंपापर्यंत आले. त्यांनी टाय सरळ केला, पंपाच्या दांड्यावर हात ठेवला, आणि वळले. आता ते चालले ते मास्तरांसारखे. पाइपांकडे बघत, मीटरच्या खोलीच्या खिडकीकडे बघत, एकेक पाऊल टाकत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. भोंगेरावांच्या नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. पण धावपळीत मास्तरांनी वाचवून दिलेली थोडी हवा शिल्लक होती, आणि तेवढ्यात भागवायचं कसं, ते त्यांना जन्मापासून माहीत होतं. मास्तरांचं दुसरं पाऊल फाटकाबाहेर पडलं, आणि त्यांनी सूर सोडला.

मग जी धावपळ झाली, ती भोंगेरावांकडे नाही, फाटकाकडे झाली. मास्तर कट्ट्यावर बसून धापा टाकत होते, दोन्ही फुफ्फुसांनी. थर्मास त्यांच्याकडे गेला, टॉवेल गेले, बाटल्या गेल्या. खुर्ची हवी होती, ती भोंगेरावांनीच उचलून नेली. "बदमाश," मास्तर दम खात म्हणाले, "माझी नोकरी वाढवलीस." आणि त्यांनी भोंगेरावांचा हात बराच वेळ सोडला नाही. आईने डॉक्टरीणबाईंचं नाव काढून सगळ्यांना सांगितलं, की मागे कुठेतरी दुसरं असणारच.

घरी निघताना बायकोने सगळं परत पिशवीत कोंबलं, उशी वर ठेवली. खालच्या काकांनी लगबगीने हात पुढे केला. "द्या वहिनी, मी घेतो. यांना नको."

"राहू द्या, काका," बायको म्हणाली. तिने पिशवी भोंगेरावांसमोर धरली. "घ्या हो. जड आहे."

भोंगेरावांनी पिशवी घेतली. ती खरंच जड होती. घरापर्यंत त्यांनी ती एकदाही या हातातून त्या हातात घेतली नाही.